बांबूच्या रोपांवर सिलिकॉन फवारलं, पानांवर पांढरा थर बसला. पान हे खातं तरी का?

रानवाट_कुडाळ
नमस्कार मंडळी. कुडाळजवळ आमची लहानशी रोपवाटिका आहे. आजवर माणगा जातीचा बांबूच करत आलो, कांड्या लावून. यंदा पहिल्यांदाच मानवेल या दुसऱ्या जातीचं बी आणलं, चंद्रपूरकडून. मार्चमध्ये गादीवाफ्यावर टाकलं, मे महिन्यात पिशव्यांत बदली केलं. साडेतीन हजार पिशव्या आहेत. भरायला जांभ्याची तांबडी माती दोन घमेली, कोकोपीट दोन, शेणखत एक. वर पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी.

रोपं आता हातभर झालीत. रंग काळपट हिरवा, बघणारा म्हणेल काय मस्त आहेत. पण पान हातात घेतलं की लुळं. आमच्या परसात माणग्याचं जुनं बेट आहे. त्याचं पान टोकाकडून देठाकडे, म्हणजे उलटं, बोटावरून ओढलं तर करवतीसारखं लागतं. माझ्या अंगठ्यावर दोन वण आहेत त्याचे. या रोपांचं पान तसंच ओढून बघितलं तर भिजलेल्या वर्तमानपत्रासारखं, काहीच लागत नाही. त्यात पान गुंडाळणारी अळी आली. पान सुरळी करून आत बसते आणि हिरवा भाग खरवडून खाते, उघडून बघितलं की नुसती जाळी उरलेली.

खताच्या दुकानात विचारलं तर म्हणाले, "सिलिकॉन मारा ताई, पान असं कडक होईल की अळीचे दात पडतील." एक लिटरची बाटली दिली, लेबलवर पोटॅशियम सिलिकेट लिहिलंय. लिटरला पाच मिली सांगितलं. इथपर्यंत दुकानदाराचं. पुढचा शहाणपणा माझा. एका फेरीत दोन कामं होतील म्हणून त्याच टाकीत कॅल्शियम नायट्रेटही ओतलं. ढवळता ढवळता पाणी दुधासारखं झालं आणि तळाला साबुदाण्याच्या खिरीसारखं काहीतरी जमायला लागलं. तरी फडक्याने गाळून मारलंच. नोझल तीन वेळा तुंबलं. मधे दोन दिवस उघडीप होती, तेवढ्यात सगळ्या पानांवर पांढरट थर. अंगठ्याने घासला की पापुद्रा निघतो, खाली पान होतं तसंच लुळं. काही शेंडे करपलेसुद्धा.

सासूबाई दोन दिवस गप्प बघत होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "गो, भाताच्या तरव्याक तुसाची राख घालतव, तशी ह्यांकाय घाल. बाटलेत पैशे कित्याक घालतस?"

मला खरंच समजून घ्यायचंय. बांबूचं रोप सिलिकॉन पानातून घेतं की मुळातून? घेतलेला पानात जातो कुठे? आणि राखेचं म्हणणं हा नुसता जुना रिवाज, की त्यात काही आहे? टोमणे मारायला हरकत नाही, पण सोबत उत्तरही द्या.

पंपवाला_भाऊ
बाकी जाणकार सांगतीलच. पंप आधी गरम पाण्याने धुवा, वॉशर आणि चाळणी काढून. ते वाळून बसलं तर खिळ्यानेही निघत नाही. माझा एक पंप असाच गेला, आता त्यात झेंडू लावलाय.

राखेचा_माणूस
ताई, माती आणि पानं तपासायच्या प्रयोगशाळेत मी बत्तीस वर्षं काढली. आता निवृत्त आहे, म्हणून लांबण लावतो.

टाकीत जे झालं ते होणारच होतं. पोटॅशियम सिलिकेट टिकतं ते कडक अल्कधर्मी पाण्यात, त्याचा सामू, म्हणजे पीएच, ११ च्या वर असतो. त्यात कॅल्शियम पडलं की कॅल्शियम सिलिकेट होऊन खाली बसतं, आम्लधर्मी खत पडलं की जेली होते. शेंडे करपले तेही बहुधा त्या सामूमुळेच. सिलिकेट द्यायचंच तर एकटं, आणि टाकीत सगळ्यात आधी.

आता मूळ प्रश्न. झाड सिलिकॉन घेतं ते मुळातून, मोनोसिलिसिक आम्लाच्या रूपात. वाळूचा कण नव्हे. पाण्यात पूर्ण विरघळलेला बारीक रेणू, त्यावर विद्युतभारही नाही. भाताच्या मुळात त्यासाठी खास दारं असतात. जपानमध्ये जिआन फेंग मा यांच्या गटाला २००६ मध्ये त्यातलं पहिलं दार सापडलं, त्याचं नाव एलएसआय-१. दुसरं पुढच्याच वर्षी. पहिल्यातून आम्ल पेशीत शिरतं, दुसऱ्यातून पलीकडे पाणनळ्यांच्या बाजूला बाहेर पडतं. बांबू म्हणजे शेवटी गवतच, भाताचा थोरला चुलतभाऊ. चीनमधल्या मोसो बांबूतही याच घराण्यातले जीन सापडलेत. पानाच्या मेणकट कातडीला बाहेरून असं दार नाही. तेव्हा तुम्ही पानांना खाऊ घातलं नाहीत, चुना लावलात. भुरीसारख्या रोगावर सिलिकेटच्या फवारणीचा थोडाफार गुण येतो, तोही मुख्यतः त्या वरच्या थराचाच.

मुळातून वर गेलेलं आम्ल पाण्याबरोबर पानात पोचतं. पान पाणी हवेत सोडतं, आम्ल मागे राहतं. लिटरला साधारण दोन मिलिमोलच्या वर दाट झालं की त्याचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि घट्ट सिलिका होते, ओपल खड्यासारखी पाणी धरलेली. आंघोळीच्या बंबात खार धरतो ना, तसंच. फरक एवढाच की बंब घासता येतो. पानात एकदा बसलेली सिलिका झाड परत काढून घेत नाही. नत्र, पालाश जुन्या पानातून काढून कोवळ्याला देतं, हे देत नाही. म्हणून पान जितकं जुनं तितकी सिलिका जास्त. तुमची तुलनाच त्यामुळे चुकलीय. एकीकडे माणग्याचं जून पान, दुसरीकडे मानवेलीच्या रोपाचं कोवळं. जातही वेगळी, वयही वेगळं. सरळ बघायचं तर त्याच रोपाचं सगळ्यात खालचं आणि सगळ्यात वरचं पान ओढून बघा.

पण तुमची तक्रार अगदीच खोटी नसावी, कारण तुमचं मिश्रण. जांभा म्हणजे सिलिका गमावलेला दगड. कोकणासारख्या धो धो पावसात लाखो वर्षं खडक धुतला गेला, विरघळणारी सिलिका पाण्याबरोबर समुद्राला गेली आणि लोह-ॲल्युमिनियम मागे उरलं. म्हणून तो तांबडा. घाटावरचा काळा कातळ बघा, बेसॉल्ट; त्यात वजनाने निम्मी सिलिका, आणि तो झिजताना ती पाण्यात सोडत राहतो. तुम्ही धुऊन निघालेली माती घेतलीत, त्यात कोकोपीट घातलंत, त्यातही मुळाला मिळेल असं सिलिकॉन जवळपास नाहीच. रोपाला दार आहे, दाराशी माल नाही. नुसती नदीची वाळू घालून भागत नाही बरं का. ती सिलिकाच, पण गारगोटीची, रोपाच्या हयातीत विरघळायची नाही.

आणि एक विचारतो. युरिया किती देताय? काळपट हिरवं आणि लुळं म्हटलंत म्हणून शंका आली.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. भाताच्या तुसात जळून साधारण पाचवा हिस्सा राख उरते आणि त्या राखेत ऐंशी-नव्वद टक्के सिलिका असते. डॉ. एन. के. सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीचं पहिलं सूत्रच हे आहे, भाताचे अवशेष भातालाच परत देणं. रोपवाटिकेत चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची राख. मात्र राख काळी-करडी हवी. मंद धुमसून झालेली. गिरणीच्या भट्टीतली पांढरीफेक घेऊ नका. फार तापली की सिलिका स्फटिक होऊन बसते, मग मुळाला तिचा उपयोग नाही आणि तिची धूळ फुप्फुसाला वाईट. कुठलीही राख मिसळताना तोंडाला फडकं बांधा.

मांजराकाठ
राम राम. आमचं लातूरकडं आहे, काळी रान. बांबूची रोपं आम्हीबी पिशवीतच करतो, पण माती शेतातली. कसलं सिलिकॉन नाही, बाटली नाही, राख नाही. रोप दोन हाताचं झालं की बायामाणसं बाह्या खाली ओढूनच ओळीत शिरत्यात, हातावर ओरखडे उठतात म्हणून. काकांनी दगडाचं सांगितलं ते एकदम पटलं. आमच्या काळ्या मातीत हे आधीच हाय.

पण ताई, एक सांगतो. राख आमच्यासारख्यानं वाचून उद्या सुरू करू नये. आमच्या मातीचा सामू मुळातच आठच्या आसपास, वरून राख टाकली की लोह मिळत नाही, नवी पानं पिवळी पडत्यात. शेजाऱ्यानं चुलीची राख अशीच ढिगानं टाकली, दोन वाफे गेले. तुमची माती आंबट हाय, तुम्हाला चालंल.

आन् अळीचे दात पडायचं म्हणाल तर, कोवळं पान ती खाणारच. आमच्याकडंबी खाती, एवढं खरबरीत पान असून. सुरळी दिसली की चिमटीनं दाबायची. साडेतीन हजार पिशव्या म्हणजे दोन माणसांचं दोन दिवसांचं काम. दुकानदाराला हे सांगायला परवडत नाही.

रानवाट_कुडाळ
काका, पकडलंत. युरिया दर आठवड्याला देत होते, पाण्यातून. पानं पिवळी दिसली की हात आपोआप तिकडे जातो. आजपासून बंद.

खालचं-वरचं पान बघितलं. खरंच फरक आहे! अगदी तळाचं पान थोडं खरखरीत लागतं, वरचं रेशमासारखं. माणग्याइतकं नाही, पण आहे. मग प्रश्न असा की बदली केली तेव्हा हे तळाचं पान होतंच. म्हणजे रोप अगदी लहानपणापासून सिलिका साठवायला लागतं? आणि ती पानात सगळीकडे सारखी बसते की कुठे ठरावीक जागी?

दादा, दोन माणसांचं दोन दिवसांचं काम मी आणि सासूबाईंनी तीन दिवसांत केलं. बोटं अजून हिरवी आहेत.

खोगीरवाली
मूळची रत्नागिरीची, सध्या जपानमध्ये ओकायामाजवळ असते, वनस्पतींच्या पेशींवर काम करते. राखेच्या काकांनी लिहिलंय त्यात भर एवढीच.

हो, पहिल्या पानापासूनच. आणि सगळीकडे सारखी नाही. गवतांच्या पानाच्या कातडीत काही बुटक्या पेशी असतात, त्यांचं जणू कामच सिलिका भरून घेणं. त्या लवकर भरतात, पान पुरतं वाढण्याआधीच. पेशी भरली की ती मरते आणि तिच्या आकाराचा काचेचा खडा मागे उरतो. बांबूत तो बहुतेक खोगिराच्या आकाराचा असतो, दोन बाजू उचललेल्या, मधे खोलगट. माझं इथलं टोपणनाव त्यावरूनच. लांब पेशी आणि पान मिटवणाऱ्या मोठ्या फुगीर पेशी यांच्यात मात्र सिलिका नंतर, पान जून होत जाईल तशी साचते. तुमच्या अंगठ्यावरचे वण आहेत ते पानाच्या कडेला असलेल्या सूक्ष्म काट्यांचे. ते पुढे झुकलेले असतात, म्हणून सुलट ओढलं तर काही होत नाही आणि उलट ओढलं तर कापतं.

इथे डोंगरउतारावर सासा नावाचा बुटका बांबू रान माजल्यासारखा वाढतो. त्याचं पान एक हिवाळा काढून पुढेही टिकतं आणि त्या सगळ्या काळात त्यात सिलिका वाढतच राहते, पानाची वाढ थांबल्यावरही. तेव्हा तुमच्या रोपांनाही वेळ द्या. पावसाळ्यात, जाळीखाली, दमट हवेत पान पाणी कमी सोडतं, त्यामुळे साचण्याचा वेगही मंद. ऑक्टोबरचं ऊन लागलं की फरक दिसेल.

हे घरी बघता येतं. पानाचा नखाएवढा तुकडा काचपट्टीवर ठेवून खालून हळूहळू तापवा, पांढरा होईपर्यंत. फुंकर मारायची नाही. राखेत पानाची अख्खी नक्षी तशीच उरते, शिरा, पेशींच्या ओळी, सगळं. शाळेतला साधा मायक्रोस्कोप पुरतो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा जेवायचं विसरले होते.

वैद्यबुवा
विषय निघालाच आहे तर, बांबूच्या पेरात सापडणारं वंशलोचन हीही सिलिकाच. सितोपलादी चूर्णात पडतं ते. ज्याच्या पैशातून पुढे अमेरिकेतली स्मिथसोनियन संस्था उभी राहिली त्या जेम्स स्मिथसनने १७९१ मध्ये भारतातून आलेल्या याच पदार्थाचं रासायनिक पृथक्करण मांडलं होतं. बाजारात मिळतं ते बहुतेक वेळा बांबूतलं नसतं, पण तो वेगळा धागा होईल.

राखेचा_माणूस
खोगीरवाली बाई, छान सांगितलंत. वैद्यबुवा, वेगळा धागा काढाच.

ताईंना एक सावधगिरी, कारण आता तुम्ही पानं जाळणार हे दिसतंय. आमच्याकडे एकदा नवा मुलगा आला होता. पानांतलं सिलिकॉन काढायला दिलं तर सगळेच आकडे भलतेच वर. मानवेल, भात, ऊस, सगळं वर. शेवटी कोऱ्या नमुन्यात, ज्यात पानच नव्हतं, त्यातही सिलिकॉन निघालं तेव्हा उजेड पडला. पठ्ठ्याने अल्कलीत पानं शिजवायला काचेचं चंचुपात्र वापरलं होतं. काच म्हणजेही सिलिकाच, अल्कली तिलाच खात होती. प्लॅस्टिकच्या नळ्या वापरा म्हणून भिंतीवर पाटी होती, तिच्याखालीच त्याचं टेबल.

रानवाट_कुडाळ
सात आठवड्यांनी परत आलेय. धागा वर आणल्याबद्दल माफी, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तूस शेजारच्या भातगिरणीतून आणलं, दोन पोती. सासूबाईंनी पडवीत पत्र्यावर ढीग करून मधे निखारे घातले आणि वरून तूस लोटत राहिल्या. रात्रभर धुमसलं. पहाटे पाणी शिंपडलं तेव्हा काळी राख, हातात घेतली तर तुसाचा आकार अजून शाबूत, चिमटीत दाबला की पीठ. दहा घमेल्यांना एक घमेलं या मापाने एक हजार पिशव्यांत वरची माती काढून कालवली. बाकी तशाच ठेवल्या. युरिया सगळ्यांचाच बंद, जाळी सप्टेंबरात काढली.

आता खरं सांगायचं तर नुसता युरिया बंद केल्यानेच सगळी रोपं ताठ झाली. राख घातलेली आणि न घातलेली लांबून ओळखता येत नाहीत. दुकानदाराची बाटली मारून हेच झालं असतं तर मी तिचेच गुण गात बसले असते. पण हाताला फरक कळतो. राखेच्या ओळीत पान उलटं ओढलं की किंचित अडतं. सासूबाईंना डोळे मिटून दहा पानं हातात दिली, आठ बरोबर ओळखली.

मग पानं जाळलीच. चांगली वाळवून दहा-दहा ग्रॅम, स्टीलच्या वाटीत, आणि राख ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर. त्याने आधी विचारलं की हे सोनं कुठलं. माणग्याच्या जून पानांची राख १.३ ग्रॅम, राखेच्या ओळीतल्या रोपांची ०.८, बिनराखेच्या ०.६. राखेवर व्हिनेगर टाकल्यावर थोडं फसफसलं, बरंचसं तसंच राहिलं. एकदाच केलंय, आणि गॅसवर केलंय, तेव्हा याला कोणी प्रयोग म्हणू नका. काचपट्टीवरचं मात्र बघितलं, मुलाच्या शाळेतून मायक्रोस्कोप आणून. खोगीर दिसलं! ओळीने बसलेली, एकामागे एक. मुलगा म्हणाला, घोडे कुठे गेले?

अळी आहेच. राखेच्या ओळीतही आहे. चिमटी चालू आहे.

काका, तुमच्या ओळखीच्या प्रयोगशाळेत पानं पाठवली तर नीट आकडा मिळेल का? पाठवायची कशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत?

राखेचा_माणूस
मिळेल. ०.८ आणि ०.६ मध्ये पालाश, चुना सगळंच आहे; राखेतून पालाशही मिळालाय तुमच्या रोपांना, त्यामुळे त्यातली सिलिका किती ते तिथेच कळेल.

कागदी पाकिटात पाठवा, प्लॅस्टिकमध्ये बुरशी येते. प्रत्येक ओळीतून वरून मोजून तिसरं पान घ्या, सगळीकडे तेच, नाहीतर पुन्हा वयाचा घोळ. आणि तोडल्यावर ओल्या कापडाने दोन्ही बाजूंनी पुसा. रस्त्याची धूळ म्हणजेही सिलिकाच, आणि तुमच्या पानांवर त्या फवारणीचा पापुद्रा कुठे उरला असेल तर तोही.

रानवाट_कुडाळ
पापुद्रा पावसाने केव्हाच धुऊन नेला, काका. बाटली अर्धी उरलीय, कोणाला हवी असेल तर सांगा.